चिंध्यांची ऊब

रेवस, रविवार
जानेवारी १९५८

प्रिय दिनू,

सहा महिन्यांत तुझी एक ओळ नाही. तू गिरण्यांतून उचललेल्या चिंध्या मात्र नेमाने मुंबईहून पडावाच्या होडीतून इथे उतरतात. नर्सची नोकरी संपवून तुझ्या गोदामामागे राहायला आले, तेव्हा वाटलं होतं, औषधांचा वास सुटला. आता तेलाचा करपट वास नाकात बसला आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी गोदामात शिरले. यंत्रं पुसलेल्या तेलकट चिंध्या पार कौलांपर्यंत रचलेल्या, आणि त्यांना टेकून बायका निवडायला बसलेल्या. काशी म्हणाली, "ये बाय, हात शेक. शेठनं आमाला बिनलाकडाची शेगडी दिलीय!" सगळ्या खिदळल्या. तिचं तान्हं पोर त्याच ढिगाला लागून झोपलं होतं. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून बाहेर ओढला. दिनू, तेलकट चिंध्या अशा दाबून रचल्या की आतल्या आत तापत जातात. मग एक दिवस पेटतात, त्याला काडी लागत नाही. भाजलेल्यांच्या वॉर्डात मी उगाच म्हातारी झाले नाही.

तेवढ्यात मागे दाराला बाहेरून कुलूप पडलं. बायका लुगड्यात चिंध्या लपवतात म्हणे, म्हणून दिवसभर कोंडायचं! दार ठोठावून उघडायला लावलं आणि पहारेकरी शिवदासला झापलं, तर म्हणतो, "शेठचा हुकूम हाय बाय, मी काय करू?" लहानपणी मोरीची कडी अडकली तेव्हा रडून सारी आळी गोळा करणारा तूच ना?

तुला दोनदा कळवलं, उत्तर नाही. ढीग मोडून पसरायचे, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, दार उघडं टाकायचं, याला काय बॅरिस्टर व्हावं लागतं? आई गेल्यावर तुला मी वाढवलं. त्यामुळे तुझी लाज मला वाटते.

आज गोदामाला सुटी आहे. उद्या सकाळी मी काशीच्या शेजारी चिंध्या निवडायला बसणार. हे ऐकून शिवदास घाबरला, "बाय, तुमाला कसा कोंडू?" म्हटलं, ज्याचा हुकूम आहे त्यालाच विचारून ये. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती लाँचने पाठवते. वाचून होईपर्यंत तो तुझ्यासमोर उभा असेल. मला आत घेऊन कुलूप लावायचं की नाही, ते त्याच्या तोंडावर सांग.

तुझीच,
कोकिळाताई