जांभ्यासाठी दात

चंदगड
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. हे गेल्यापासून कुणी फोनवर कशी आहेस म्हणून विचारलं की माझ्याकडून काही बोललंच जात नाही, आणि समोरचं माणूस हॅलो हॅलो करत राहतं. कागदावर बरं पडतं. एसटीच्या पार्सलात घालून पाठवते आहे.

काम असं आहे. ह्यांचं ट्रॅक्टरला लावून खड्डे पाडायचं मशीन गोठ्याशेजारी उभं आहे. त्याच्या गिरमिटाच्या तळाचे दात पार झिजलेत. तू स्पेअरपार्टच्या दुकानात बसतोस, म्हणून तुला विचारते. चपटे घ्यावेत की टोकदार? जुना एक सोबत बांधून दिलाय, बोल्टाची भोकं त्यावरून जुळव.

शेजारच्या तानाबाईंच्या रानातल्या कुंपणाचं काम ह्यांच्या हातून अर्धं राहिलंय. गवे रोज आत येतात. परवा त्या येऊन बसल्या, कुंपणाचा विषय काढला नाही, चहा पिऊन गेल्या.

क्रांतीवहिनींना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तुमचा, तो असू द्या.
तुझी संयोगिता


उचगाव
१० जानेवारी २०२५

चि. संयोगितास,
उदयसिंहाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गिऱ्हाइकाची ऑर्डर वाचतोय असंच वाटलं. लहानपणी बांगड्या घेताना तू कासारणीला अशीच भंडावून सोडायचीस. क्रांतीनं तुझं पत्र दोनदा वाचलं.

माझं स्पष्ट मत हाय, मशीन विकून टाक. कोडोलीचा एक जण घ्यायला तयार हाय. त्याचं सगळं काम काळ्या रानातलं, म्हणून चपटे दात पाठवतोय. मऊ मातीत ते झकास चालतात, त्याला चालवून दाखवायला पुरे. तू मात्र ट्रॅक्टरवर बसायचं न्हाय. विश्वजितरावांनी तुला शिकवलं ते हौसेनं, पोटासाठी न्हवं. चार दिवस इकडं ये.

सासूबाईंना सांभाळ, आणि स्वतःलाही. एवढं दादासाठी कर.
तुझा दादा


चंदगड
१७ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चपटे दात बसवले आणि तानाबाईंच्या रानात गेले. वरची सुटी माती भराभर निघाली. मग जांभा, तो लाल दगड, लागला. गिरमिट जागच्या जागी किंचाळत फिरायला लागलं, बोटभरसुद्धा खाली जाईना. वर काढून बघितलं तर दातांच्या कडा पत्र्यासारख्या दुमडलेल्या.

दादा, तू दिवसकार्याला आलास तेव्हा विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. हे कुंपणाच्या त्याच ओळीत गेले. रस्त्याकडचे खड्डे नीट झालेत, शेवटचा गुडघाभरच आहे. तिथं दगड लागला म्हणून मशीन बंद करून हे खाली उतरले, दात बघायला वाकले आणि खालीच बसले. तानाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मशीनचा काही संबंध नाही.

तो खड्डा तसाच आहे. मी त्यातच गिरमिट सोडलं होतं. मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, असं बघणाऱ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

कोडोलीच्या माणसाला नाही म्हणून कळव. त्या खड्ड्यातला दगड पाठवते आहे, हा कापतील असे दात दे.

रागावलास तरी चालेल, पण आपलं माणूस म्हणूनच रागाव.
संयोगिता


उचगाव
२१ जानेवारी २०२५

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

दगड दुकानात नेऊन घासून बघितला. विश्वजितराव तिथं गेले, हे मला माहीतच न्हवतं.

टोकाला कार्बाइडचा कठीण तुकडा बसवलेले दात पाठवतोय. जांभा लोखंड घासून खातो, त्याला हेच टिकतात. पण सुटा धोंडा लागला तर ह्याचं टोक उडतं, म्हणून आधी पहारीनं चाचपून बघ. दोन्ही बाजूंचे एकदम बदल. एका बाजूला जुने ठेवलेस तर गिरमिट तिरकं पळतं आणि खड्डा वाकडा होतो. मधलं टोकही नवं दिलंय. दात बदलताना इंजिन बंद आणि चावी तुझ्या खिशात, हे विसरू नको.

कोडोलीच्या पावण्याला न्हाय म्हणून सांगितलं. चिडला. चिडू दे की!

काम झालं की दोन ओळी टाक. तुझ्या गप्प बसण्याची मला भीती वाटते गं.
तुझा दादा


चंदगड
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काम झालं. दात टिकले.

त्या खड्ड्यात आधी पहार मारून बघितली. कडेला एक सुटा धोंडा होता, तो उचकटून काढला. मग गिरमिट सोडलं. हळूहळू लाल भुकटी वर यायला लागली आणि ते खाली उतरत गेलं. तानाबाईंचे दीर बाळासो म्हणत होते, हा खड्डा सोड पोरी, हितं विश्वजितच्या नावानं एक लहानसा कट्टा बांधू, खांब हातभर आत सरकवू. मी नको म्हटलं. ओळ वाकडी झाली असती. पुढचेही सगळे पाडले. खांब उभे राहिले, परवा तार ओढून झाली.

काल दिवस कलताना सासूबाई बघायला आल्या. हे गेले त्या दिवसापासून त्या रानाकडे फिरकल्या नव्हत्या. कुठला गं त्याचा खांब, म्हणून विचारलं. मी रस्त्याकडून मोजायला लागले आणि मध्येच चुकले. पुन्हा मोजलं. सगळे खांब सारखेच दिसत होते. मला खरंच सांगता येईना.

असू दे, म्हणाल्या. मग पहिल्या खांबाला हात लावला, दुसऱ्याला लावला, आणि तशाच एकेका खांबाला हात लावत बांधावरून चालत निघाल्या. मी मागोमाग. शेवटच्या खांबाशी त्या थांबल्या, दोन्ही हातांनी तो धरला आणि जोर लावून हलवून बघितला.

खांब हलला नाही. मग आम्ही घरी आलो.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
तुझी संयोगिता