रिंग न फेकल्यामुळे नात भित्री ठरल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
महाविद्यालय, नवी इमारत (काचा आमच्या दुकानाच्या)

विषय : नातीला वादविवाद संघात परत घेणेबाबत.
संदर्भ : मानसशास्त्राच्या सरांनी फलकावर लावलेली यादी.

महोदय,

अर्ज करण्यात येतो की, मी काचेच्या दुकानाची मालकीण असून माझी नात आपल्याकडे शिकते. माझी शाळा फारशी झालेली नाही, तरी हा अर्ज मीच लिहीत आहे. मुलाला सांगितला असता तर त्याने पहिल्या ओळीतच माफी मागितली असती.

१) सरांनी मुलांचा स्वभाव आणि जिद्द तपासली. खुंटी ठेवली, रिंगा दिल्या, हव्या त्या अंतरावरून फेका म्हणाले. मधल्या अंतरावर उभा राहील तो जिद्दीचा, जवळ राहील तो भित्रा, असे त्यांचे शास्त्र आहे म्हणे.

२) आमच्या घरात कोणी काही फेकत नाही. काचेचा धंदा आहे. किल्लीसुद्धा हातात देतात. सुनेशी माझे कडाक्याचे वाजले तरी ताट आदळत नाही, हातात देते आणि मग बोलते. त्यामुळे पोरगी सरळ खुंटीपाशी गेली, सगळ्या रिंगा अडकवल्या आणि "सर, आणखी आहेत का?" म्हणाली. यादीत तिच्यापुढे लिहिले : 'स्वभाव सोशिक व भित्रा, संपादन-प्रेरणा (म्हणजे जिद्द) कमी, वादविवादास अयोग्य.' मधल्या अंतरावरून ज्याची एकही रिंग बसली नाही तो मुलगा संघाचा कप्तान!

३) सोशिक? माझी नात? तिने मला तोंड दिले आहे, महोदय. सरांनी एक दिवस देऊन दाखवावे.

४) तेव्हापासून नात घरात प्रेरणा वाढवते आहे. बापाने हातोडी मागितली, ती हिने मधल्या अंतरावरून फेकली. बाप खाली बसला म्हणून वाचला. मागे गिऱ्हाइकाचा आरसा होता, त्याला बसता आले नाही. मी ओरडले तर म्हणते, "आजी, जरा धोका पत्करायला शिक." मला! आता कारागीर हेल्मेट घालून काच कापतात आणि सून स्वयंपाकघराचे दार लावून घेते.

तरी संघ स्पर्धेला निघण्यापूर्वी नातीचे नाव परत घालावे, ही विनंती.

ता.क. आपल्या दालनाच्या खिडकीची काच कापून तयार आहे. नाव लागल्यास मी स्वतः हाताने आणून बसवीन. न लागल्यास सरांच्या शास्त्राप्रमाणे मधल्या अंतरावरून पोचती करीन. खिडकी उघडी ठेवावी.

उत्तर येईपर्यंतच नम्र,
काचवाली आजी
(पाटीवर हेच नाव आहे)

दिनांक : सोमवार, दुकान उघडण्याआधी

सोबत : आरशाचा एक तुकडा. हातात घ्यावा, फेकू नये.