अंबिकेच्या हाताजोगा माऊस

चि. भिवा यास,

लालबागहून तुझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे पुतळाचा, आशीर्वाद. इकडे आम्ही जेवूनखाऊन आहोत, तिकडे तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बायकोला खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग, आणि तू विडी सोडलीस म्हणतोस ते तिला तरी खरं वाटतं का ते कळव. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हॅलो' सोडून काही बोलत नाहीस आणि ऐकत तर तेवढंही नाहीस. हे पत्र कालिंदी लिहिते आहे, आमच्या शेजारची, बँकेतून रिटायर झालेली. अक्षर तिचं, जीभ माझी. (ती म्हणते, आजी, जीभ जरा आवरा. तू लिही गे.)

विषय अंबिकेच्या हाताचा आहे. माझा चंदू बायकोला घेऊन बदलापूरला राहायला गेला, पण त्याची ही पोरगी माझ्याकडे राहिली, कारण तिचं ऑफिस इथून चालत जाण्यासारखं. कुठे म्हणशील तर तुझ्याच मिलच्या जागेवर. 'आंब्याचा मोसम काढतो, तोवर संप मिटेल' असं सांगून तू गावाला गेलास ना, मोसम संपला की नाही ते तूच जाणे. इकडे तुझे कापड विणायचे साचे होते तिथे काचेची इमारत उभी राहिली. बाहेर धुणं वाळत घालायला देत नाहीत आणि आत वारा यायला देत नाहीत. त्या काचेत अंबिका दिवसभर बसते. परदेशातल्या रस्त्यांचे फोटो येतात, त्यात गाडी दिसली की गाडीभोवती चौकोन काढायचा, माणूस दिसला की माणसाभोवती, कुत्रा दिसला की कुत्र्याभोवती. त्यावरून म्हणे तिकडची मोटार आपली आपण चालायला शिकते. म्हणजे ड्रायव्हर घरी बसवायचे आहेत. तिकडचे ड्रायव्हर संपावर जातील तेव्हा जातील, त्याआधी इकडे आमच्या पोरीचा हात जायची वेळ आली.

हे चौकोन काढायचे माऊसने. माऊस म्हणजे साबणाच्या वडीएवढी वस्तू, पंज्याखाली धरून टेबलावर फिरवायची आणि बोटाने टकटक दाबायची. ऑफिसचा माऊस वायरीला बांधलेला, आधी कोणी कोणी घासून गुळगुळीत केलेला. फिरवून फिरवून पोरीच्या मनगटात कळ यायला लागली, मग अंगठा बधिर झाला, मग एक दिवस तिच्या हातातून वरणाची वाटी निसटली आणि ती 'काही नाही, काही नाही' म्हणत डाव्या हाताने पुसायला लागली. तेव्हा मी तिला परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर दोन गोष्टी म्हणाला: हातात नीट बसेल असा बिनवायरीचा माऊस घ्या, आणि दोन आठवडे हात अजिबात चालवू नका. पहिली गोष्ट दुकानात मिळते, म्हणून आम्ही पहिली केली. दुसरीचं ऑफिसात नाव काढायची सोय नाही. तिला अजून पक्की केलेली नाही. हात थांबला की यंत्रच वर कळवतं, ही जागेवर नाही. मिलमध्ये आपल्या खात्यात मुकादम होता, पण निदान तो पाठ तरी फिरवायचा. ह्याला पाठच नाही.

आधी मी घरचे उपाय केले. हाताला तेल चोळून तिला कामावर धाडली, तर ते तेल माऊसने प्यायलं आणि दिवसभर चौकोन माणसाभोवती पडायचा तो झाडाभोवती पडला. (परदेशात एखादी मोटार झाडाला वाट देत उभी दिसली तर ते पुण्य माझं.) मग मनगटाखाली ठेवायला तांदळाची पुरचुंडी शिवून दिली, ती दारावरच्या वॉचमनने उघडून पाहिली. मग अंबिकेने फोनवरून एक माऊस मागवला. आला तो लाडवाएवढा, गुलाबी, बिनवायरीचा खरा, पण हाताने धरायचा की पोराला खेळायला द्यायचा कळेना. त्याला धरताना बोटं अशी आखडायची की कळ मनगटातून कोपरात गेली. वर त्यातला सेल भर कामात संपला.

तेव्हा मी म्हटलं, पायताण आणि माऊस न घालता घेऊ नये. पोरीला सुट्टी नाही, तर मी जाते. कालिंदीला घेतलं, बसने लॅमिंग्टन रोडला गेले. (कालिंदी म्हणते, मी गेले आणि तुम्ही आलात. असू दे.) आता तू म्हणशील, हात अंबिकेचा आणि माप कोणाचं? अरे, लग्नकार्यात तिच्या बांगड्या आजवर माझ्या हातावरून घेतल्या. मी कासारापुढे हात धरायचा, बांगडी तिला बरोबर यायची. तेच माप इथे लावलं.

दुकानदार भला होता. मी एकेका माऊसवर हात ठेवून डोळे मिटत होते, तरी हसला नाही. एक लालहिरवे दिवे लागणारा, गणपतीच्या मखरात शोभेल असा. तो ठेव म्हटलं. एक चपटा, भाकरीसारखा. त्यावर पंजा पसरतो पण तळव्याला आधार नाही. एकाच्या कुशीत गोटी बसवलेली, माऊस जागचा हलत नाही, अंगठ्याने नुसती गोटी फिरवायची. पण अंबिकेचा अंगठाच तर दुखतो. शेवटी त्याने उभा माऊस काढला. त्यावर हात पालथा नाही पडत, आडवा बसतो, शेजारणीचा हात हातात घ्यावा तसा. टकटक ऐकू येत नाही आणि सेल नाही, रात्री फोनसारखा चार्जिंगला लावायचा. त्याचीही तीन मापं होती. मी जो उचलला तो पाहून दुकानदार म्हणाला, मावशी, हा नको, हा बोटं वळलेल्यांसाठी, तरुण हाताला दुसरं माप घ्या. माझी बोटं तुला ठाऊक आहेत. मिलच्या वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात, तुटल्या धाग्याला गाठ मारता मारता वळली ती वळलीच. तिथे सरळ बोटाची बाई टिकायचीच नाही. पण मला तोच बसला, आणि बांगडीचा हिशेब मी मोडणार नव्हते. तोच घेतला. कालिंदीने वाटेत तीनदा सांगितलं, परत करावा लागेल.

परत करावा लागला नाही. संध्याकाळी अंबिकेने त्यावर हात ठेवला आणि तो असा बसला, जशी म्हैस आपल्या गोठ्यात. पोरगी खूश झाली. म्हणाली, आजी, तुला कसं गं बरोबर कळलं. मी चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, तोंड करून उभी राहिले. तिचं वय काय, नोकरीला लागून झालं किती, आणि हात माझ्या मापाला आला. (कालिंदी लिहायची थांबली आहे. पुढे लिही.)

असो. माऊस चांगला आहे. तुमच्या तिकडे कोणाला घ्यायचा झाला तर आधी हात दाखवून घ्या. बाकी सगळं देवाच्या कृपेने चाललं आहे, म्हणजे त्याने अजून लक्ष घातलेलं नाही. पोरांना माझा गोड पापा.

तुझी,
पुतळा (अंगठा उठवला आहे, डावा, उजवा उठत नाही)

ता. क. : मुख्य लिहायचं राहिलं. चांगल्या माऊसनेही कळ थांबलेली नाही, फक्त उशिरा येते. दोन आठवडे हात थांबायलाच हवा. तिच्या ऑफिसात दुखण्याला रजा नाही, मयताला आहे. आता तुला आठवत असेल, शिमग्याची रजा मिळेना की तू गावाहून 'आई गेली' अशी तार मागवायचास. आई आपली दर वर्षी जायची आणि दर वर्षी तुझ्यासाठी घावणे करायची. तर ह्या वेळी तू जावंस असं मी ठरवलं होतं. अंबिकेच्या साहेबांना मी खाली दारात गाठून सांगूनही आले. माणूस फार चांगला होता म्हटलं. तेवढं एक खोटं बोलले.

दुसरा ता. क. : साहेबांचं उत्तर आलं. आजीचा भाऊ त्यांच्या नियमात बसत नाही. तेव्हा तू जिवंत राहा. आजी बसते. अंबिकेला म्हटलं, मग मलाच घाल, तर ती रडली आणि म्हणाली, "आजी, तुला मारून मी रजा घेणार नाही." म्हणून हे तिला न विचारता करायचं. मी शनिवारच्या एसटीने तुझ्याकडे येते. रविवारी तू ऑफिसात कळव, आजी गेली म्हणून. तिला चंदू आधी खरं सांगेल आणि गाडीत बसवेल. तिथे पोचली की तिने मांडीवर हात ठेवून बसायचं, तेराव्यापर्यंत. घास मी भरवीन. तेराव्याला वशाट, मटणमासळी, करत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मयत स्वतः पंक्तीला बसणार आहे, तेव्हा एक कोंबडी बघून ठेव.