दुष्ट सासूचा मोतीबिंदू

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच). तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "ठणठणीत" म्हणणार. हे पत्र तुला सूनबाई वाचून दाखवते आहे, हे मी जाणून आहे. (सूनबाई, यापुढे कंसातलं मनातल्या मनात वाच.)

इकडे माझं नेहमीचंच. मालिकांमधून सुनांना छळायचं आणि त्या कमाईतून गोरगरिबांचे मोतीबिंदू काढायचे, यात सगळा जन्म गेला. पण मागच्या आठवड्यात दोन्ही धंदे एकमेकांवर आदळले. सध्याच्या मालिकेत मी सुनेच्या डोळ्यांत भलतंच औषध घालते. तो भाग लागला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात गेले तर वॉर्डातल्या बायकांनी माझ्याकडे पाठच फिरवली. एक आजी चक्क खाटेखाली जाऊन बसली. ते सगळं लिहिणाऱ्या मेल्याचं काम, मी साधी नोकरदार बाई, असं परोपरीने सांगितलं. त्यावर खाटेखालून उत्तर आलं, "मालिकेतही ही आधी अशीच गोड बोलते."

शेवटी वैतागून मी नर्सच्या हातातली बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर औषध स्वतःच्या डोळ्यांत घातलं. ते तपासणीआधी बाहुल्या मोठ्या करायचं होतं, हे मागाहून कळलं. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले आणि संध्याकाळपर्यंत मला सगळं धुरकट. तेव्हा तीच आजी बाहेर आली आणि माझा हात धरून मला चहाच्या टेबलापर्यंत घेऊन गेली. ताई, कप चाचपडताना मला तूच आठवलीस. फार वाईट वाटलं गं.

पुढे त्या आजीचं ऑपरेशन झालं. मालिकेत डोळ्याची पट्टी सोडायला आम्ही आठवडा लावतो. इथे नर्सने फटकन काढली. मी सवयीने चेहऱ्यावर भाव आणून उभी. आजीने मला निरखलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर म्हातारी आहे!" अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले, पण तुझे शब्द आठवले. मागच्या भेटीत माझ्या गालावरून हात फिरवत तू म्हणाली होतीस, "तू आहेस तश्शीच आहेस." मी किती दिवस हवेत होते! तुला इतकं कमी दिसतं हे आत्ता उमगलं; नाहीतर एवढं खोटं तर माझा मेकअपवालाही बोलत नाही.

तुझी लाडकी,
धाकटी

ता. क. तुझा मोतीबिंदू पिकलाय. आणखी थांबलीस तर अवघड होईल, असं डॉक्टर म्हणतात. तू घाबरतेस, आणि तुझ्यापेक्षा जास्त मी घाबरते. म्हणून बाहेर बसणार नाही, तुझ्या खाटेशीच बसेन. औषधाला हात लावणार नाही, शप्पथ.

ता. क. २ (सूनबाई, रविवारी दवाखान्याची गाडी येईल. "शूटिंग बघायला जायचंय" सांग आणि बॅग भर.)

ता. क. ३ ताई, सूनबाई मध्येच का थांबली ते तिला विचारू नकोस. डोळे बरे झाले की कंस तूच वाच, हवं तेवढं भांड, आणि मग मला नीट बघून काय दिसतं ते सांग. आपल्या माणसांत तोंडावर खरं बोलणारी तू एकटीच उरली आहेस.