मागे बसणार कोण

सोमवार, ४

नोकरीचा पहिला दिवस! विहिरींच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत आणायचं काम. वस्त्या बारा, आणि एकाही वस्तीला बस जात नाही. साहेबांनी विचारलं, फिरणार कशी? मी म्हटलं, मोटरसायकल घेईन. ते हसले. मी घरातली पहिली पदवीधर. लोकांच्या हसण्याची सवय आहे.

पुढच्या महिन्यात धाकटी गावाहून इथे कॉलेजला येईल. तिला मागे बसवून मीच सोडायचं, हे आम्हा बहिणींचं दोन वर्षांपासून ठरलंय.

गुरुवार, ७

गाडी मिळाली. जुन्या गाड्यांच्या गोदामात ताडपत्रीखाली चौदा वर्षं उभी होती. मालक वारले, बायकोला ती दारात नको होती. गोदामवाल्या काकांनी नोंदवही पुढे केली. नाव, पत्ता, काम, आणि शेवटी ‘मागे बसणार कोण’. हा रकाना सगळे कोराच ठेवतात, तूही ठेव, असं ते म्हणाले. पण आईबाबांना लिहिता येत नाही म्हणून घरचे सगळे अर्ज मीच भरत आले. एका कोऱ्या रकान्यापायी बाबांनी घातलेले हेलपाटे मी विसरलेले नाही. धाकटीचं नाव लिहिलं, सुवाच्य. काकांनी वही घाईनं मिटली.

सोमवार, ११

गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडीत जीव ओतला. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून तेल सोडून दोन दिवस मुरू दिलं. टाकीत मूठभर नट टाकून, ती घुसळून गंज काढला. आठव्या किकला इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मिस्त्री म्हणाले, उठला एकदाचा कुंभकर्ण. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

बुधवार, १३

तीन वस्त्या झाल्या. गाडी मागून बसल्यासारखी वाटते. मिस्त्रींनी हवा तपासली, ठीक होती. डबलसीट फिरता का ताई, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाटल्यांचं ओझं. बाटल्या तर केव्हाच उतरवल्या होत्या.

आईचा फोन आला. धाकटीला दुपारी चक्कर आली.

शनिवार, १६

विहिरीवरच्या आजींनी झापलं. पोरीला उन्हात गाडीवर बसवतेस आणि स्वतः सावलीत उभी राहतेस? वळून पाहिलं. कोणी नव्हतं. सीटवर मागच्या बाजूला खळगा होता.

आई सांगते, धाकटीचं वजन तीन दिवसांत सहा किलो उतरलं. केस विंचरले की लाल धूळ पडते. ती घराबाहेर पडलेलीच नाही. लाल धूळ इथल्या वाटांवर आहे.

सोमवार, १८

काकांना म्हटलं, नाव खोडा. ते म्हणाले, “जिचं आहे तिनंच खोडायचं. माझी रेघ टिकत नाही.” वहीतली याच गाडीची आधीची नोंद दाखवली. आधीच्या मालकानं मुलाचं नाव लिहिलं होतं. त्यावर काकांच्या कितीतरी रेघा, फिकटलेल्या. अक्षरं ताजी. तो मुलगा काही दिवस अंथरुणातही होता आणि गाडीवरही, म्हणाले. नंतर फक्त गाडीवर.

मंगळवार, १९

गाडीला साखळी घातली. नमुने राहू देत.

तिकडे धाकटी खाटेच्या कोपऱ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते. हात पुढे गुंफलेले. आई हाक मारते, ओ देत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

गुरुवार, २१

धाकटीचं वजन अजून उतरतंय. गाडी उभी असून.

अर्धी इथे आहे. तिला घरी न्यायला हवं, वही घेऊन, म्हणजे स्वतःच्या हातानं— पण चालवली तर आणखी ओढली जाईल. नाही चालवली तरी जाईलच. दुसरा रस्ता नाही.

शुक्रवार, २२

पहाटे निघाले. काकांकडून आणलेली वही पिशवीत.

दुपार. रस्त्याच्या कडेला थांबलेय. चाळीस किलोमीटर राहिले. मागचं चाक घासतंय. कमरेला मिठी आहे. सकाळी गार होती. आता ऊबदार—

बाबांचा फोन. खाट रिकामी, दार आतून बंद. विचारतात, ती तुझ्याकडे आली का. काय सांगू—

गाडीवर बसूनच वही मागे धरली. पेन धरलं. तिनं घेतलं. मी बाटल्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीनं लिहितेय.

आता सुचतंय. तिकडे ती उरलेलीच नाही. इथलं नाव खोडलं तर राहील कुठे—

मी नको म्हणते आहे. ती ऐकत नाही. मागून रेघेचा आवाज— कमरेवरचा हात हलका— अगं थां