भरीत कोणीच खाईना

१९ नोव्हेंबर १९९०, सोमवार

हे सेक्रेटरी झाले! धुळ्याच्या किराणा व्यापारी मंडळाचे. घरात शिरले तेच छाती काढून. सासूबाईंनी लगेच साखर वाटली. मी विचारलं, सेक्रेटरीला करायचं काय असतं? म्हणाले, "तुला नाही कळायचं." आणि मग जेवताना तासभर मलाच समजावत बसले.

मला कळलं ते असं. सरकार नवा कायदा आणतंय. प्रत्येक दुकानाबाहेर भावाचा फळा लावायचा, सुट्या तेलात कसली मिसळ आहे तेही त्यावर लिहायचं. पुढच्या महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात येणार. तिथे आपले आमदार भाईदासआबा विरोधात बोलले पाहिजेत, आणि त्यांना तसं बोलायला लावायचं काम ह्यांचं. अध्यक्ष मोतीलालशेठ म्हणालेत — "प्रकाशचंद, आबा बोलले तर पुढचा अध्यक्ष तू. नाही बोलले तर सेक्रेटरीही दुसरा बघू."

तेव्हापासून ह्यांच्या तोंडात आबा, आबा आणि आबा. देवाचं नाव इतकं घेतलं असतं तर!

२२ नोव्हेंबर

भाजीबाजारात इंदिराबाई भेटल्या. माझ्या शाळेतल्या बाई. रिटायर झाल्यापासून ग्राहक मंडळ चालवतात. अजूनही समोर दिसल्या की माझा हात आपोआप पदराकडे जातो. त्यांना तो कायदा हवाय! "आबांना निवेदन देऊन आले. चहासुद्धा घेतला नाही. आमचं मंडळ आमदाराला खाऊ घालत नाही आणि त्याचं खातही नाही." म्हणून आमच्या व्यापारी मंडळातल्यांचे चेहरे इतके ताजेतवाने आणि बाई इतक्या वाळलेल्या!

मग एकदम — "लाडकुंवर, तुमच्या घरी तेल कुठलं?"

"दुकानातलंच की बाई."

थाप मारली. घरचा डबा वेगळा येतो, निव्वळ शेंगदाण्याचा. दुकानातल्या पिंपात सरकीचं तेल मिसळलेलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत. बाईंनी नुसतं बघितलं. शाळेत बघायच्या तसंच.

२३ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, घरचा डबा वेगळा का हो? म्हणाले, "आज भाजीत मीठ जास्त झालंय."

झालं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

मंडळाचं ठरलं. आबांना भरीत-पार्टी! नरडाण्याच्या रस्त्याला मोतीलालशेठचा मळा आहे, तिथे येत्या रविवारी. हिवाळ्यात खानदेशातल्या माणसाला भरिताचं आमंत्रण दिलं की तो नाही म्हणत नाही, ही ह्यांची आयडिया. आयडिया झकास आहे. फक्त मंडळातले सगळे पदाधिकारी आमच्यातलेच, जैन. वांगं कोणाला चालत नाही, लसूण-कांदा तर उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हटलं, भरीत खाणारे चार पाटील, चार वाणी तरी बोलवा. "मतं आबांची पाहिजेत, पाटलांची कशाला?" — सेक्रेटरीसाहेब.

मी ताटं उचलली. मला नाही कळायचं ना!

२ डिसेंबर, रविवार

काय लिहू! अजून हसू येतंय.

सुपडू आचाऱ्याने वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडजीत ठेचली, वरून लसूण-मिरचीची फोडणी. वास असा की मी पदर नाकाला लावला. कशासाठी लावला ते इथेही लिहीत नाही. आम्ही बायका पुऱ्या लाटायला. आबा आले, मांडी घालून बसले. ताट वाढलं. समोर मंडळाची रांग, पांढरीशुभ्र, हात जोडून. प्रत्येकाच्या ताटात पुरी आणि श्रीखंड.

आबांचा घास हातातच राहिला. रांगेवरून नजर फिरवली आणि अहिराणीत विचारलं, "अरे, तुम्ही बठ्ठा नुसता दखतस! खातस का बरं नही? यामा काय टाकेल शे?"

 मोतीलालशेठ ह्यांच्याकडे बघतात, हे माझ्याकडे. ह्यांचा चेहरा असा पडला की मला राहवेना. पुऱ्यांची परात घेऊन पुढे झाले. म्हटलं, "आबा, संशय घेऊ नका. आमच्या धर्मात चालत नाही म्हणून खात नाहीत. काही टाकलेलं नाही. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर. वाढणारा स्वतः खात नसेल तर खाणाऱ्यानं विचारायलाच हवं, यात काय आहे म्हणून."

एवढंच बोलायचं होतं. खरंच! नवऱ्याला वाचवायला गेले होते. पण बोलता बोलता तो घरचा डबा डोळ्यांपुढे आला आणि तोंडातून निघून गेलं — "दुकानात येणारं गिऱ्हाईक तरी दुसरं काय विचारतं?"

 आबा खो खो हसले. "बाईनं बरोबर शे!" मग दोनदा भरीत मागून घेतलं. हात धुताना मोतीलालशेठना म्हणाले, "तुमनं निवेदन आते ह्या बाईलेच द्या. तिले पटनं तर मी नागपूरले बोलसू."



३ डिसेंबर

अबोला.

४ डिसेंबर

अबोलाच. सासूबाईंमार्फत मीठ मागतात.  ह्यांनी एवढी हौस केली आणि मी एका वाक्यात वाट लावली. पण ते वाक्य परत घ्यावंसंही वाटत नाही, याचं काय करू?

५ डिसेंबर

इंदिराबाईंना कुठूनसं कळलं. रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "शाळेत कधी हात वर केला नाहीस गं!" एवढंच. घरी येईपर्यंत मी तरंगत होते.

९ डिसेंबर, रविवार

मंडळ आज आमच्या घरी आलं. मोतीलालशेठ पुढे, हे मागे. हे स्वतःच्याच दारात चपला काढून पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. निवेदन ह्यांनीच वाचलं — मला! संपल्यावर मान वर केली. "आपल्याला काय वाटतं?"

लग्नाला बारा वर्षं झाली. ह्यांनी मला असं पहिल्यांदा विचारलं. डोळे भरून आले, पुसले, आणि म्हटलं, "फळा लागू द्या."

मोतीलालशेठ उठले. त्यांच्यामागे सगळे उठले. मोतीलालशेठनी दारातून "चला, प्रकाशचंद" म्हटलं, तरी हे बसूनच राहिले.