तीन दात सरकलेला बेल्ट

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुईणबाईंची गाडी टोचन करून आणली. चढावर मध्येच बंद पडली — आधी खडखड, मग गचके, मग एकदम गप्प. त्यांनी घाबरून तीनदा सेल्फ मारला. "मारायला नको होता का?" मी नुसतं "बघू" म्हणाले. नकोच होता!

कव्हर काढलं. टायमिंग बेल्ट तुटलेला नाही, तीन दात सरकलाय. आणि त्याला ताणून धरणाऱ्या पुलीचा बोल्ट बोटांनी फिरला. नुसत्या बोटांनी!

दीड महिन्यापूर्वी हा बेल्ट आम्हीच बदलला. आम्ही म्हणजे सासूबाई आणि मी. गॅरेज त्यांचं. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा मला साधा टायर बदलता येत नव्हता, पाना हातात दिला तो त्यांनीच. आता सहा वर्षं झाली, शेवटची आवळाआवळ माझ्याकडे असते. म्हणजे बोल्ट माझा. चूक माझी.

सासूबाईंनी बोल्ट पाहिला. चष्मा पुसला. परत पाहिला. काही बोलल्या नाहीत. एरवी फडकं जागेवर नसलं तरी सगळ्या गल्लीला ऐकू जातं!

बुधवार, ८ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "भाजीत मीठ जास्त झालं का?" झालं होतं. पण ते कारण नव्हतं.

डोक्यात एकच. या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्वने बाजूला व्हायचं असतं, आणि दोघांची वेळ सांभाळतो तो हा बेल्ट. वेळ चुकली की टक्कर. व्हॉल्व वाकतो. अगदीच नशीब फुटकं असेल तर पिस्टनला भोक — मग इंजिन भंगारात. तीन दात म्हणजे काठावरचं प्रकरण. वाचलंही असेल.

वाचलं असू दे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बेल्ट परत खुणांवर आणून बसवला. सासूबाईंचा हुकूम — "आधी सेल्फला हात लावायचा नाही. पाना लाव आणि हाताने फिरव. अडलं की थांब. जोर केलास तर बघ!"

दोन पूर्ण फेरे दिले. श्वास रोखून. कुठेही अडलं नाही! मी उडीच मारली.

"नाचू नकोस. फिरतंय म्हणजे धडधाकट आहे असं नाही."

खरंच नव्हतं. दुपारी प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचं गेज लावलं. पहिला एकशे ऐंशी. दुसरा एकशे पंच्याहत्तर. तिसरा — पन्नास. चौथा एकशे ऐंशी. तिसऱ्याला पुन्हा लावलं. पन्नास. गेज झटकलं, पुसलं, मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. पन्नासच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत मोजलं. आकडा जागचा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. मग आत हवेचा दाब सोडला. सासूबाई पुढे कान लावून, मी मागे सायलेन्सरशी ओणवी. रस्त्यावरून जाणारा पोस्टमन थांबून बघत राहिला. बघ बाबा!

सूंऽऽ. बारीक, पण स्पष्ट. हवा सायलेन्सरमधून येतेय, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व नीट मिटत नाही. वाकला असेल, नाहीतर काजळीचा खडा अडकला असेल. मी लगेच काजळीच्या बाजूने झाले. आयुष्यात काजळीवर एवढं प्रेम कधी केलं नव्हतं.

प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला. पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढी चकचकीत कोर. काजळीचा निकाल लागला. पण भोक नाही, चीर नाही. सासूबाई बराच वेळ पडद्यावर बघत होत्या. "व्हॉल्व टेकलाय. पिस्टन फुटलेला नाही. हेड उतरवावं लागेल, पण इंजिन जगेल."

"जगेल" हा शब्द दिवसभर घोळवत होते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळीच सुईणबाईंचा फोन. धरणापलीकडे जुळ्यांची बाई, दोन आठवडे आधीच कळा सुरू, आणि जायला गाडी मिळत नाही. मी टोचनची गाडी काढली. त्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर. धरणाची भिंत आली. मग तोंडातून निघूनच गेलं —

"बोल्ट सैल राहिला होता. म्हणून बेल्ट सरकला. चूक माझी आहे. सगळं दुरुस्त करून देणार, तुम्हाला काही द्यायचं नाही."

मला वाटलं होतं त्या "असू दे" म्हणतील. तसं म्हणाल्या नाहीत.

"चढावर माझ्या मागे ट्रक होता. माहीत आहे?"

"नाही."

"होता. अगदी मागे."

मी उगाच आरशात मागे बघत राहिले. कान तापले माझे. मग त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आमच्याकडेही चुका होतात, आणि लपवलेली चूक दुसऱ्यांदा होते. आता समोर बघून चालवा."

तिथे अंगणात होणाऱ्या बापाबरोबर थांबले. त्याने तीन वेळा मला पाणी विचारलं आणि तिन्ही वेळा स्वतःच प्यायला. पहिलीचं रडणं अडीचच्या सुमारास. दुसरीचं येईना. त्याने माझं मनगट धरलं — ओळख ना पाळख, पण घट्ट. किती वेळ गेला देव जाणे. मग आतून असा टाहो आला की कोंबड्या उडाल्या! तो मटकन खालीच बसला. मीही.

येताना सुईणबाई झोपल्या. गाव आल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत होईल?"

"होईल."

रविवार, १२ ऑक्टोबर

सुईणबाईंना खरं सांगून टाकलं, असं सासूबाईंना सांगितलं. त्या चहा अर्धा टाकून उठल्या.

सोमवार, १३ ऑक्टोबर

हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व असलेला वरचा भाग, उतरवलं. सोळाच्या सोळा व्हॉल्व काढून काचेवर एकेक लोळवले. सरळ असला की सुळकन जातो. पंधरा सुळकन गेले! तिसऱ्या सिलिंडरचा एक लंगडत गेला.

एक. फक्त एक!

पिस्टनवर ओरखडा, बाकी काही नाही. लेथवाल्याने हेडवर पट्टी ठेवून पाहिली — "सपाट आहे. सुटलात ताई." त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याच्या अंगावर इतका लोखंडाचा चुरा नसता तर मारलीही असती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नवा व्हॉल्व पेस्ट लावून जागेवर घासून बसवला. वरून रॉकेल ओतून अर्धा तास ठेवलं. खाली थेंब नाही.

हे काम सासूबाईंचं. कुणाला हात लावू देत नाहीत. आज म्हणाल्या, "तू कर. मी दिवा धरते." शिक्षा की विश्वास, कळलं नाही. दिवा मात्र तासभर धरला, डाव्या हाताने.

बुधवार, १५ ऑक्टोबर

हेड चढवलं, नवा बेल्ट, नवी पुली. प्रत्येक बोल्ट जोर मोजणाऱ्या पान्याने आवळला, आवळल्याची खूण म्हणून प्रत्येकावर पांढरी रेघ ओढली. हाताने दोन फेरे. मग गेज. तिसरा — एकशे अठ्ठ्याहत्तर!

सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू. नवरा शाळेत शिकवून येत होता, फाटकातच थांबला. म्हणाला, "चालू आहे? आवाजच नाही!" यापेक्षा मोठी पदवी मला कुणी देऊ नये.

गॅरेजच्या मागे जाऊन रडून घेतलं. पाच मिनिटं. मग हात धुतले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सुईणबाई गाडी घेऊन गेल्या. गाडी कोपऱ्यावर वळताच सासूबाईंनी भर दुपारी शटर ओढलं. मला स्टुलावर बसवलं. स्वतः उभ्या.

"तो बोल्ट मी आवळला होता. त्या दिवशी तू लेथवाल्याकडे गेली होतीस. मला वाटलं, झाला घट्ट." मग उजवा हात पुढे केला. "ही दोन बोटं उन्हाळ्यापासून बधिर आहेत. पाना लागलाय की नाही, कळत नाही. सुईणबाईंना आत्ता सांगितलं. तुला आधी सांगायला हवं होतं."

मला राग यायला हवा होता. मी ती बोटं हातात घेऊन बसले. गार होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात असा धरला.

"डॉक्टरकडे एकटीने जायची भीती वाटते गं," म्हणाल्या.

उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे. गाडी मी चालवणार.